दरवर्षी गॅस का भरावा लागतो?

सदर : थंड डोक्यानं
फ्रिज-एसीच्या शंका. उत्तरं देणारे आयटीआयच्या रेफ्रिजरेशन शाखेतून निवृत्त झालेले शिल्प निदेशक आहेत.

'पर्यावरणाला सोसेल असा एसी कोणता?' या विषयावर शंका पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त स्टारबद्दल होती. ती मी बाजूला ठेवली. स्टार काय ते दुकानदारही समजावून सांगतो. एसीच्या पोटातल्या गॅसबद्दल मात्र विकणारा बोलत नाही, बसवणारा बोलत नाही आणि भंगारात घेणारा तर नाहीच. म्हणून या वेळी गॅसचीच पत्रं जास्त.

आमच्या हॉलमधला दीड टनाचा एसी पाच वर्षांचा आहे. दर मार्चमध्ये मेकॅनिक येतो, गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, अडीच हजार घेतो आणि भरून जातो. समुद्राच्या हवेत गॅस उडतोच, असं त्याचं म्हणणं. खरं आहे का?
– निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

बाई, एसीतला गॅस उडत नाही, खर्च होत नाही आणि जुनाही होत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉइल, मधला बारीक अडथळा आणि आतली कॉइल एवढ्या बंद वाटेवरून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तुमच्या फ्रिजमध्ये दरवर्षी कोणी गॅस भरतं का? फ्रिज कारखान्यातून सीलबंद येतो. स्प्लिट एसी दोन तुकड्यांत येतो आणि तांब्याच्या नळ्यांनी तुमच्या भिंतीवर जोडला जातो. नळीचं तोंड फुलपात्राच्या काठासारखं पसरवून त्यावर नट आवळतात. त्याला फ्लेअर म्हणतात. असे चार जोड असतात आणि माझ्या अनुभवात बहुतेक गळती तिथेच सापडते. नट कमी आवळला तरी गळतो आणि पान्यावर लोंबकळून आवळला तरी फ्लेअर चिरून गळतो.

मेकॅनिकच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. खाऱ्या हवेत तांब्याची नळी आणि तिच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या (आपण फिन म्हणतो त्या) एकमेकींना चिकटून असल्यामुळे ॲल्युमिनियम लवकर गंजतं. फिनची पांढरी भुकटी व्हायला लागते. उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते, बिल वाढतं आणि काही वर्षांनी नळीलाही भोक पडतं. घराशेजारी उघडं गटार किंवा नाला असेल तर त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड आतल्या कॉइलचं तांबं काळं करून पोखरतो. मुंबईत खाडीकाठच्या इमारतींत हे फार दिसतं. पण यातल्या कोणत्याही कारणानं गळती झाली, तरी ती शोधून बंद करायची असते. तुमच्याकडे पाच वर्षं नुसतं भोकाच्या भांड्यात पाणी ओतणं चाललंय.

आता याचा पर्यावरणाशी संबंध. आउटडोअरच्या (एसीच्या बाहेरच्या पेटीच्या) पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. 'आर-४१०ए' असेल, तर त्याचा एक किलो हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशेबात २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. वर्षाला अर्धा किलो गळत असेल तर एक टनाहून जास्त झालं. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज बनवताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तुमची गळती वर्षाला दीड हजार युनिट जाळल्याइतकी. नव्या पाच-स्टार दीड टनी एसीच्या लेबलवर १,६०० तासांच्या वापराला आठशे युनिटच्या आसपास आकडा असतो, तो शेजारी ठेवून बघा. पाटीवर 'आर-३२' असेल तर आकडा ६७५ आहे, म्हणजे नुकसान एक तृतीयांश. पण तेही फुकट नाहीच.

मेकॅनिकला सांगा, या वेळी गॅस भरायचा नाही, आधी लीक काढायचा. कोरडा नायट्रोजन दाबानं भरायचा, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा, जमलं तर रात्रभर दाब धरून ठेवायचा. जोड गळत असेल तर फ्लेअर कापून नवा करायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि शेवटी काट्यावर वजन करून गॅस, पाटीवर छापलाय तेवढाच. बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहून घ्या. एवढं काम अडीच हजारांत होणार नाही, तो जास्त मागेल. द्या. आणि पावसाळा सोडून महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून आउटडोअरची कॉइल साध्या गोड्या पाण्यानं धुवा. मीठ साचलं नाही की कॉइल टिकते.

खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ वर लावून नंतर २४ करतो. चालेल?
– विद्यार्थी, सोलापूर

लवकर होत नाही. १८ लावल्यानं आत जास्त थंड वारा येत नाही, मशीन फक्त उशिरा थांबतं आणि मधे तुम्हाला झोप लागते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू करताना २४ वरच उघडतील अशी सक्ती आहे, ती उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबानं एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. वर पंखा लावा.

सोसायटीच्या ऑफिसातला एसी चौदा वर्षांचा आहे, आर-२२ गॅसचा. चालू आहे. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो जुनं मोडेस्तोवर वापरणं हेच पर्यावरणाचं काम, दुसरा म्हणतो हा ओझोन खाणारा राक्षस आजच काढा. निकाल द्या.
– सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

आर-२२ ओझोनला थोडा आणि हवामानाला बराच बाधतो (एक किलो म्हणजे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइड), हे खरं. पण कधी? बाहेर पडला तर. नळीत फिरतोय तोवर त्यानं कोणाचं काही बिघडवलेलं नाही. म्हणून 'आजच काढा' म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न : काढून कोणाकडे देणार? भंगारवाल्यानं नळी कापली की त्यातला सव्वा-दीड किलो गॅस दोन मिनिटांत हवेत. राक्षस तेव्हा सुटतो.

'मोडेस्तोवर वापरा' म्हणणाऱ्यांनाही सांगतो. चौदा वर्षांपूर्वीचं साधं मशीन चालू असताना तासाला पावणेदोन युनिटच्या घरात खातं. ऑफिस रोज आठ तास चालत असेल तर नवा इन्व्हर्टर एसी विजेत बराच वाचवेल. सोसायटीचं ऑफिस म्हणजे संध्याकाळचे दोन तास आणि महिन्याची मीटिंग एवढंच असेल, तर वाचलेल्या युनिटांत नव्या मशीनचं तांबं-पोलाद कधी फिटायचं नाही. तुमचं ऑफिस दुसऱ्या प्रकारचं असावं असा माझा अंदाज. गळत नसेल तर वापरा.

गळायला लागला की मात्र त्यात पुन्हा गॅस भरू नका. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवीन एसी आर-२२ वर बनवायला बंदी आहे. दुरुस्तीसाठी तो मिळतो, पण उतरत्या कोट्यानं. तुटवडा पडला की मेकॅनिक शक्कल लढवतात, तेव्हा हे ध्यानात ठेवा : 'साहेब, यात हायड्रोकार्बन टाकतो, स्वस्त पडतो, कूलिंगही भारी' असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेनसारखा जळणारा गॅस. प्रोपेन चांगला आहे, पण त्याच्यासाठी घडवलेल्या मशीनमध्ये. आर-२२ च्या मशीनमधला रिले ठिणगी टाकतो, आणि तो प्रोपेन बंद ऑफिसात गळला तर पुढचं सांगायला नको. आर-३२ तर त्यात चालणारच नाही, त्याचा दाब कितीतरी जास्त असतो.

आमचा भंगाराचा तीन पिढ्यांचा धंदा. एसी आला की पाइप कापतो, गॅस फुस्स होतो, मग तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड वेगळं. आता एक कस्टमर म्हणतो तुम्ही प्रदूषण करता. आम्ही तर सगळं रिसायकल करतो, कचऱ्यात काहीच जात नाही. आमचं काय चुकतं?
– भंगार व्यावसायिक, कुर्ला

तुमचं पत्र सगळ्यांत आवडलं. धातूच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. एसी नाल्यात फेकलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, कारण त्यात तांबं आहे. ज्याला भाव आहे ते तुमचे कामगार चिमट्यानं उचलतात. घोटाळा ज्याला भाव नाही त्याचा होतो. त्या 'फुस्स'ला भाव नाही, कॉम्प्रेसरमधल्या काळ्या तेलाला नाही, आणि प्लॅस्टिक चढलेल्या तारेतून तांबं काढायला ती जाळली तर त्या धुरालाही नाही.

२०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. एसी त्यांत येतो. विकणाऱ्या कंपनीवर ठरावीक टक्के माल रिसायकल करून घ्यायची जबाबदारी आहे : सुरुवातीला ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, २०२७-२८ पासून ८०. त्यासाठी कंपनी नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते. ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड अशा धातूंच्या वजनावर निघतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मेख तिथेच आहे. जपाननं २००१ पासून एसी, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्यासाठी कायदा लागू केला. जुनं यंत्र देताना ग्राहकच रिसायकलिंगचे पैसे मोजतो आणि गॅस काढून घेणं हा त्या कामाचाच भाग आहे. आपल्याकडे उलट ग्राहक तुमच्याकडून पैसे घेतो. मग गॅस काढायला तुम्ही खिशातून का घालावेत? हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही, धोरण ठरवणाऱ्यांचा आहे.

तोवर हातात आहे ते करा. चालू एसी उतरवायचा असेल तर तुमच्या माणसाला पंप डाऊन शिकवा : मशीन कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेज शून्याजवळ आलं की जाड नळीचा बंद करून लगेच मशीन बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडला जातो. असं भरलेलं आउटडोअर कापू नका, नोंदणीकृत रिसायकलरला अख्खं विका. त्यांची यादी केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. गळका एसी मात्र कधीही पंप डाऊन करू नका. आत हवा ओढली गेली की तेल, हवा आणि दाब मिळून कॉम्प्रेसर फुटू शकतो. बंद पडलेल्या किंवा गळक्या मशीनला रिकव्हरी मशीन आणि रिकामा सिलिंडर लागतो. एका दुकानाला ते परवडत नाही हे मान्य. पण एका गल्लीत दहा दुकानं असतील तर दहांत एक मशीन जड नाही.

आणखी एक, हे पर्यावरणासाठी नाही, तुमच्या पोरांच्या जिवासाठी. कापायच्या आधी पाटी वाचायला लावा. 'आर-२९०' लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे. त्याच्या नळीला गॅस कटर लावायचा नाही.

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय 'ग्रीन एसी'. प्रोपेन इतका चांगला आहे तर सगळ्या कंपन्या तोच का वापरत नाहीत? आणि डिझाइनमध्ये अजून काय बघू?
– विद्यार्थिनी, नागपूर

विषय छान घेतलास. नागपूरच्या मे महिन्यात तर प्रयोगशाळा दारातच आहे.

प्रोपेनचा हवामान तापवण्याचा आकडा पाचच्या आत आहे, आर-३२ चा ६७५. हे काम आपल्याकडे झालेलं आहे, तेही पुण्याहून साताऱ्याच्या वाटेवर, शिरवळला. गोदरेजनं जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या मदतीनं तिथे प्रोपेनच्या एसीची लाइन उभी केली आणि २०१२ मध्ये ते बाजारात आणले. दीड टनाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. मुद्दा जळण्याचा. तुझ्या घरातल्या नव्या फ्रिजमध्येही बहुधा आयसोब्युटेन म्हणजे जळणारा गॅसच आहे, पण चाळीस-साठ ग्रॅम. एसीत तो काही पट जास्त लागतो आणि जोड भिंतीवर कोणीतरी घाईत करतो. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानं खोलीच्या क्षेत्रफळावरून गॅसची मर्यादा घातली आहे. २०२२ च्या सुधारणेत, जादा सुरक्षा असलेल्या यंत्रांसाठी ती बरीच सैल झाली. तरी कंपन्यांना भीती गॅसची नाही, बसवणाऱ्याची आहे. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक प्रकरण फिटरवर लिही. परीक्षकांना नवल वाटेल, वाटू दे.

कारखान्याकडेही बघ. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो, त्याचा आकडा १४,८०० आहे. तो हवेत न सोडता जाळून नष्ट करा, असा आदेश भारत सरकारनं ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यांना दिला. त्याच महिन्यात रवांडातल्या किगालीला करार झाला. त्यानुसार आपल्याला एचएफसी गॅसांचा (ओझोनला न बाधणारे, पण हवामान तापवणारे फ्लोरिनचे गॅस) वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. आर-३२ आणि आर-४१०ए दोन्ही त्यात येतात. म्हणजे आज 'इको' म्हणून विकला जाणारा आर-३२ हा मधला थांबा आहे.

डिझाइनसाठी एक काम सांगतो. एखाद्या वर्कशॉपमधून दोन मेलेले एसी मिळव, एक जुना आणि एक अलीकडचा. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बस आणि दोन्ही पूर्ण उघड. किती प्रकारचे स्क्रू, किती क्लिपा तुटल्या, प्लॅस्टिकवर प्रकाराची खूण आहे का, कॉइल तांबं-ॲल्युमिनियमची आहे की अख्खी ॲल्युमिनियमची. अख्खी असेल तर ती वेगळी न करता भट्टीत जाते आणि तिच्यात गॅसही कमी लागतो. पण गळली तर ती झाळायला गल्लीतला मेकॅनिक धजत नाही. म्हणजे रिसायकलिंगला सोपी, दुरुस्तीला अवघड. अशा वेळी डिझायनरनं कुठे झुकावं, हे लिहिणं मला आकृत्यांपेक्षा वाचायला आवडेल.

आणि पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांचा बोर्ड, बघच. बऱ्याच इन्व्हर्टर एसींचा पीसीबी राळेत बुडवलेला असतो. दमट हवेपासून बचाव होतो, पण त्यावरचा एक किरकोळ भाग गेला तरी अख्खा बोर्ड बदलावा लागतो. मॉडेल बंद होऊन चार-पाच वर्षं झाली की तो बोर्ड मिळत नाही. धडधाकट कॉम्प्रेसर आणि कॉइल असलेले एसी केवळ बोर्डाअभावी भंगारात गेलेले मी पाहिलेत. माझ्या मते पुठ्ठ्याच्या खोक्यावर हिरवं पान छापण्यापेक्षा 'दहा वर्षं बोर्ड मिळेल' एवढं छापलं तर जास्त उपयोग.

सर, मी तुमच्याच ट्रेडचा. सीझनला दिवसाला पाच-सहा फिटिंग असतात. व्हॅक्यूमला वेळ जातो, कस्टमर त्याचे पैसे देत नाही. म्हणून गॅसनंच हवा ढकलून लाइन मोकळी करतो. सगळेच करतात. इतकं वाईट आहे का?
– मेकॅनिक, इचलकरंजी

आहे. 'सगळेच करतात' म्हणून तर रत्नागिरीच्या बाईंचं पत्र येतं.

गॅसनं हवा ढकलली तरी नळीच्या आतला दमटपणा तसाच राहतो. ते पाणी कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि तीन-चार वर्षांनी त्याच्या मोटरचं वाइंडिंग जळतं. तू वाचवलेला वेळ त्या ग्राहकाच्या कॉम्प्रेसरमधून वसूल होतो. ढकलताना गेलेला गॅस आउटडोअरच्या मोजलेल्या गॅसमधूनच कमी होतो. आर-३२ थोडा का होईना जळणारा आहे, आणि तू तो बाल्कनीत, बहुतेक वेळा शेजारी कोणीतरी बिडी ओढत उभं असताना सोडतोस. शिवाय व्हॅक्यूम न धरल्यामुळे फ्लेअर गळतोय हे तुला तिथल्या तिथे कळत नाही.

पैशाचं बोल. बिलात 'फिटिंग' अशी एकच ओळ लिहू नकोस. व्हॅक्यूम वेगळी ओळ, नायट्रोजन टेस्ट वेगळी ओळ. ओळ दिसली की ग्राहक विचारतो. विचारलं की गेजची सुई दाखव. दहातले तीन नाही म्हणतील, त्यांच्याकडे दुसरा कोणी जाईल. दुसरं म्हणजे प्रमाणपत्र. २०१९ च्या भारत कूलिंग कृती आराखड्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. आर-२२ हटवण्याच्या सरकारी कार्यक्रमातही मेकॅनिकांसाठी वर्ग होतात. जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी कर. इचलकरंजीतल्या गिरण्यांच्या ऑफिसांची कामं कागद बघून मिळतात.

वेळेचं गणित तर फसवं आहे. पंप लावून दे आणि त्या वेळात स्टँड आवळ, ड्रेनचा उतार बघ, नळीला टेप मार. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल झाला ते दाखवणारं) असेल तर ५०० च्या खाली ने, पंपाचा व्हॉल्व्ह बंद कर आणि दहा मिनिटं आकडा बघ. थोडा वर येऊन थांबला तर आत ओल आहे, पंप परत चालव. चढतच राहिला तर फ्लेअर उघड आणि नवा मार.